आयसीयूतला मॉनिटर वाजत राहतो, तरी नर्स धावत का येत नाहीत?

बहुतेक वेळा ते दुर्लक्ष नसतं. तेच आकडे नर्सिंग स्टेशनच्या स्क्रीनवरही दिसतात आणि रंग-आवाजावरून निकड कळते. लाल अलार्म वाजला की नर्सला थांबायची सोय नाही.

पण बरेचसे अलार्म खोटे असतात. बोटावरचा चिमटा लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. पेशंटने हात हलवला किंवा बोट गार पडलं की ९७ टक्क्यांचे एकदम ८२ दिसतात. नर्स आधी स्क्रीनवर आकड्यासोबत दिसणारी नाडीची लाट बघते. ती वेडीवाकडी असेल तर पहिला संशय चिमट्यावर.

मात्र सतत ऐकून कान सरावतात आणि एखादा खरा अलार्म निसटतो, हा धोका खराच. म्हणून कोणत्या आकड्याला अलार्म वाजावा, त्या मर्यादा पेशंटगणिक बदलून ठेवाव्या लागतात. पेशंट वेगळा वाटला, तर मॉनिटर गप्प असला तरी सरळ हाक मारा.