लाल समुद्रातली गडबड आणि निफाडची पट्टी

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. आंतरराष्ट्रीय सुरक्षा शिकायला दिल्लीला जायचं म्हणते. दिवसभर मोबाइलवर युद्धाच्या बातम्या. यात नोकरी लागते का? आमची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. 2024 ला व्यापाऱ्याने 'लाल समुद्रात गडबड आहे' असा बहाणा सांगून भाव पाडला, त्यामुळे खर्चाचाही विचार आहे.
– एक वडील

उत्तर : नमस्कार. भाव पाडल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

गडबड खरी होती. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडलं. मग बाब-अल-मंदेबमधून, म्हणजे लाल समुद्राच्या दक्षिण तोंडावरच्या सामुद्रधुनीतून, जाणाऱ्या जहाजांवर ड्रोन, क्षेपणास्त्रं सुरू झाली. मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला निघालेला रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर दहा ते चौदा दिवस जास्त समुद्रात! तेवढ्यात घडाच्या देठाचं काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगू? जी जहाजं जुन्याच वाटेने गेली, त्यांचा युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या घरात पोचला. जहाज 400 कोटींचं धरलं, तर एका फेरीचे 4 कोटी. आता या खऱ्या खर्चाच्या आडून व्यापाऱ्याने वर किती कापले, हा हिशेब तुमच्या बाजूने मांडणारं कुणी नव्हतं.

नेमका हाच हिशेब मांडणाऱ्यांना विमा, शिपिंग, बँका, मोठे कारखाने पगार देतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि पुण्याच्या वाहन उद्योगाची झोप उडाली. इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटरला ती चुंबकं लागतात. माल कुठल्या कागदावर अडलाय, दुसरीकडून किती दिवसांत येईल, हे सांगणारा माणूस तेव्हा हवा होता. जागतिक परिस्थितीवर चर्चा करणारे काय, चहाच्या टपरीवरही मिळतात.

दिल्लीच्या जेएनयूला सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळाला तर खुशाल पाठवा, तिथली फी परवडते. कर्ज काढून खासगी विद्यापीठात मात्र नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, तो आधी बघा. पण नुसत्या एम.ए.वर भागणार नाही. जोडीला आयात-निर्यातीची कागदपत्रं, एक्सेल आणि एक भाषा हवी: अरबी, चिनी किंवा रशियन, तीही वर्तमानपत्र वाचता येईपर्यंत. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट भिंतीला शोभतं, बस्स. अभ्याससंस्थांत (थिंक टँकमध्ये) जागा थोड्या, सुरुवातीचा पगारही बेताचा. यूपीएससीची तयारी हा वेगळाच संसार आहे, तो यात मिसळू नका.

फॉर्म भरण्याआधी एक करा. 2024 ची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला मालाच्या हिशेबाचा कागद, तिच्या हातात द्या. माल कुठल्या जहाजाने गेला, किती दिवस जास्त लागले, किलोमागे भाडं किती वाढलं आणि तुमचे किती कापले, हे तिने दोन पानांत लिहायचं. एक पान मराठीत, एक इंग्रजीत. कंटाळली तर तेही कळेल. लिहिलं तर मला पाठवा. बिल ऑफ लेडिंगची (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीची) प्रत मागायला व्यापाऱ्याकडे जाल तेव्हा तिला सोबत न्या, आणि तिलाच बोलू द्या.