निवृत्त झालेला सुमो पैलवान पुढे काय करतो? स्वतःची तालीम काढू शकतो का?

काढू शकतो, पण फक्त नाव कमावून भागत नाही. जपानी सुमो संघटनेत 'ज्येष्ठ' म्हणून राहायला वारसाहक्कासारखं चालत आलेलं एक नाव मिळवावं लागतं. अशी नावं जेमतेम 105. शिवाय नागरिकत्व जपानीच हवं. मंगोलियात जन्मलेल्या नामवंत पैलवान हाकुहोने त्यासाठीच 2019 मध्ये ते घेतलं.

ज्येष्ठ झाला की तो 'ओयाकाता', आणि तालीम मिळाली की आपल्याकडचा वस्तादच. पण इथे पोरं त्याच्याच इमारतीत राहतात. सकाळी उपाशीपोटी सराव, मग चांको नाबेची, म्हणजे मांस-भाज्या घातलेल्या रश्श्याची, मोठी पातेली. खालच्या चार श्रेणींतल्या पोरांना पगार नसतो, त्यांचं खाणंपिणं, राहणं तालमीवर. घरातली खरी सूत्रं मात्र वस्तादाच्या बायकोकडे. आजारपणं, देणगीदारांची सरबराई, पोरांच्या आईवडिलांशी बोलणं, सगळं तीच बघते. तिला संघटनेकडून पगार नाही, हे मला तरी खटकतं.

वर संघटनेची कामं असतातच. एके काळी आखाडा गाजवलेला माणूस तोक्योच्या कोकुगिकान या सुमोच्या स्टेडियमच्या दारात तिकिटं तपासताना दिसतो!

जमलं तर किसेनोसातोसारखं जमतं. 2019 मध्ये निवृत्त झालेल्या या योकोझुनाने (सुमोतली सर्वोच्च पदवी) इबाराकी प्रांतात तालीम उभी केली आणि त्याचा चेला ओनोसातो 2025 मध्ये योकोझुना झाला. उलट पोरांमधली मारहाण वेळेत रोखली नाही म्हणून 2024 मध्ये हाकुहोची तालीम बंद झाली, आणि पुढच्या वर्षी त्याने संघटनाच सोडली.