वांग्याला शिव्या, साखरेला माफी

थंडी पडली, शेतात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की माझ्याकडे खाणं आणि त्वचा यांबद्दलचे तेच ते प्रश्न येतात. गेल्या वर्षीही हेच होते.

प्रश्न : केळी खाल्ल्याने तोंडावर पुटकुळ्या येतात का? (रावेर)

नाही. रावेरात राहून हे विचारताय? जिमवाल्याने दिलेली व्हे (दुधाच्या प्रथिनांची) पावडर सुरू असेल, तर ती बंद करून बघा.

प्रश्न : जांघेत गजकर्ण आहे. घरचे म्हणाले म्हणून चार महिने वांगं सोडलं, तरी खाज जात नाही. (यावल)

कशी जाईल? गजकर्ण म्हणजे बुरशी. ती घामात आणि ओलसर कपड्यांत वाढते, भरितात नाही. वांगं खाल्ल्याबरोबर ओठ-जीभ खाजत असेल, तर ती अ‍ॅलर्जी, ती गोष्ट वेगळी. तसं नसेल तर पऱ्हाटीवर (कपाशीच्या काड्यांवर) भाजलेलं वांगं आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खुशाल खा.

तुम्ही लिहिलं नाही ते मी विचारतो: मेडिकलवरून कोणती ट्यूब आणली? त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी पसरत जाते. स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हे 2018 पासून स्पष्ट आहे. विकणारा विकतो, घेणारा घेतो. ट्यूब फेकू नका, डॉक्टरकडे सोबत न्या. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यालाही न्या.

प्रश्न : कोलॅजन पावडर आणि बायोटिनच्या गोळ्या घेऊ का? (जळगाव)

कोलॅजन पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखंच पचतं. ते थेट गालावर जाऊन बसत नाही. त्या पैशांत आवळे, उडदाची डाळ, अंडी येतात. बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. मान काळी पडली आहे. लिंबू, बेसन, वज्री सगळं झालं. मळ निघत नाही. (शिरपूर)

ताई, तो मळ नाही. आधी वज्री बाजूला ठेवा.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. मान घासून घासून सोललेली, आणि आई त्याच्यावरच ओरडत होती, 'नीट आंघोळ करत नाही.' मी स्पिरिटचा बोळा मानेवर फिरवला. बोळा पांढराच्या पांढरा. मळाचा थर असता तर निघाला असता. कातडी मखमलीसारखी जाड झाली होती, काखेतही तसंच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि कातडी अशी जाड, काळी होते.

तुमच्याच पत्रात पुढे आहे: वजन जास्त, आजोबांना मधुमेह, सकाळी चहा-टोस्ट, शाळेतून आल्यावर वेफर्स आणि थंड बाटली. अडीचशे मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. वांगं बंद करायला सगळं घर एका पायावर तयार, बाटली बंद करायची म्हटलं की 'लेकरू आहे हो'! इथे खरोखर खाण्यानेच फरक पडतो, आणि नेमकं इथेच कोणी ताटाकडे बघत नाही. सकाळी दादरची (ज्वारीची) भाकरी, वाटीभर उडदाची डाळ, ठेचा तिखट नको असेल तर नको. संध्याकाळी तासभर मैदान. शेवभाजी महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. मान उजळायला महिने लागतात.

पण याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर बघून घ्या. मुलीची मान अशी असेल आणि पाळी अनियमित असेल, तर तेही सांगा. उतारवयात, वजन घटत असताना मान अचानक काळी झाली, तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : त्वचा चमकावी म्हणून रोज पाच लिटर पाणी? (भुसावळ)

तहान लागेल तेवढं. मे महिन्यात ती आपोआप वाढेल. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : माशांवर दूध प्यायल्याने कोड येतं का? (नंदुरबार)

नाही. पण डाग दिसला असेल तर पथ्यात वर्ष घालवू नका, नखाएवढा आहे तोवर दाखवा.