पानफुटीने पित्ताशयाचा खडा जातो का?

प्रश्न : माझं वय ४६. सोनोग्राफीत पित्ताशयात ९ मिलिमीटरचा खडा निघालाय. भजी-वडे खाल्ले की उजव्या बरगडीखाली कळ येते आणि पाठीपर्यंत जाते. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणि हुलग्याचं कढण सांगितलंय. दीर म्हणतात, रोज दोन चमचे हळद घ्या. ऑपरेशन टळेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, पानफुटी आणि हुलगा आपल्याकडे देतात ते मुतखड्यावर. तो बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि लघवीवाटे पडू शकतो. तुमचा खडा बहुतेक कोलेस्टेरॉलचा, पित्ताच्या पिशवीत बसलेला. लघवी कितीही साफ झाली तरी त्याला त्याचं काय? हुलग्याचं माडगं आवडत असेल तर खुशाल खा, पण खडा पडेल म्हणून नको.

हळदीविरुद्ध बोलायला सांगलीकराची जीभ रेटत नाही. २०१८ साली आपल्या हळदीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा मीही पेढे वाटले होते. पण हळदीतल्या कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. आत खडा असेल तर तो नळीच्या तोंडाशी जाऊन अडकायची भीती. आमटीतली चिमूटभर चालेल. दोन चमचे नकोत, कर्क्युमिनच्या गोळ्याही नकोत.

उद्या कुणीतरी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायला सांगेल, म्हणून आधीच लिहिते. एक पेशंट त्यातून ‘पडलेले खडे’ डबीत घालून माझ्याकडे आल्या. हिरवे, मऊ, वाटाण्याएवढे. मी ते वाटीत घेऊन गरम पाण्यावर धरले, तर बघता बघता हिरवं तेल झालं! पित्ताचा खडा असा वितळत नाही. ते तेल आणि लिंबू यांचा पोटातच झालेला साबण होता.

भुईआवळा, कुटकी आम्ही वैद्य यकृतासाठी देतो. त्यांनी एवढा खडा विरघळलेला मी पाहिलेला नाही. गॅस, पोटफुगीला भाजलेलं जिरं आणि हिंग घातलेलं पातळ ताक घ्या, बरं वाटेल. तळलेलं बंद. आणि कडक उपास अजिबात नको, पोट फार वेळ रिकामं राहिलं की पित्त पिशवीत साचून घट्ट होतं.

न दुखणारा खडा बरेचदा तसाच ठेवतात. तुमचा दुखतोय, तेव्हा सर्जनना दाखवाच. हल्ली दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ तासन्‌तास थांबेना, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढून मिरजेचं हॉस्पिटल गाठा.