बांध कोरला, वडिलांचं डोकंही फोडलं, मग जायचं कुठल्या कोर्टात?

सांगली जिल्ह्यातल्या एका दादांनी विचारलंय: चुलतभावाने बांध कोरून चारेक गुंठे आत घेतले, वडील आडवे गेले तर त्यांच्या डोक्यात फावडं घातलं, टाके पडले, आणि पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन "जमिनीचं मॅटर आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं.

दादा, पोलिसांचं निम्मंच बरोबर आहे. जमीन कोणाची ते दिवाणी कोर्टच ठरवणार, खरंय. पण डोकं फोडणं हे जमिनीचं मॅटर कसं काय? एनसी घेतली म्हणजे त्यांनी साधी दुखापत धरली, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 115, पण जिवावर बेतेल अशा हत्याराने मारलं तर कलम 118(1) लागतं, ते दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करायचा, आणि डोक्यात फावडं हे त्यातच बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. ठाण्यात ऐकत नसतील तर एसपींना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, पावती जपा, तरी काही हललं नाही तर अ‍ॅफिडेव्हिट लावून मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 175(3) चा अर्ज टाका, तपासाचा आदेश तिथून मिळू शकतो. वडिलांचं मेडिकल सर्टिफिकेट आधी ताब्यात घ्या.

जमिनीचा दावा वेगळा, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. तालुक्याला बऱ्याचदा तेच साहेब मॅजिस्ट्रेटचंही काम बघतात, म्हणून लोकांना वाटतं सगळी एकच केस, पण फाईल वेगळी, पुरावा वेगळा, अपीलही एकाचं जिल्हा न्यायालयात आणि दुसऱ्याचं सेशन्सला. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत ज्याचं पारडं जड त्याचा निकाल. त्यामुळे तो तिकडे सुटला तरी तुमची जमीन गेली असं होत नाही, आणि त्याला शिक्षा झाली म्हणून बांधही आपोआप परत मिळत नाही.

खरी घाई इथेच आहे. ताबा गेल्यापासून 6 महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 6 खाली दावा टाकला तर मालकीच्या वादात न शिरता, जमीन आपल्या ताब्यात होती आणि ती दांडगाईने काढून घेतली एवढं दाखवून परत मागता येते. मुदत टळली की मालकीचा मोठा दावा, आणि तो किती वर्षं चालेल कोणी सांगू शकत नाही. दाव्यासोबतच मनाईचा अर्ज द्या म्हणजे तो अजून पुढे सरकणार नाही, आणि भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणीची फी आजच भरा.

भावकी बसून मिटवू म्हणत असेल तर जरूर बसा, फक्त 6 महिन्यांची तारीख आधी वकिलाच्या डायरीत लिहायला लावा.