“त्या बहिणी नव्हत्याच, मग खोटं का सांगितलं?”

“मॅडम, कार्टून बघून मुलगी ‘तशी’ होईल का?” आईनं खुर्चीत टेकता टेकता विचारलं. हा प्रश्न हल्ली मला बरेच पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

अकरा वर्षांची लेक ‘सेलर मून’ ही जपानी मालिका जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये पाहायची. त्यात अमारा आणि मिशेल या चुलत बहिणी आहेत. पुढे मैत्रिणीकडे तिनं मूळ जपानी भाग सबटायटल्ससह पाहिले. तिथे त्याच दोघी हारुका आणि मिचिरू होत्या, आणि चक्क एकमेकींच्या प्रेमात. जेवताना तिनं विचारलं, “त्या बहिणी नव्हत्याच, मग खोटं का सांगितलं?” बाबांनी टॅबलेट कपाटात ठेवला. त्या दिवसापासून पोरगी घरात कामापुरतंच बोलते.

मुलीशी एकटीशी बोलले. ती पुरती चिडली होती, पण त्या दोघींवर नाही. “मला आधीपासून वाटायचं. बहिणी अशा बघत नाहीत एकमेकींकडे. मी म्हटलं तर सगळे म्हणाले, तुझ्याच डोक्यात काहीतरी आहे.”

तिचं चुकलं नव्हतं. उत्तर अमेरिकेत 1995 मध्ये ही मालिका पहिल्यांदा इंग्रजीत आली, तेव्हा झोयसाइट या पुरुष खलनायकाला बाईचा आवाज देऊन बाई करून टाकलं, कारण त्याचं प्रेम एका पुरुषावर होतं. 2000 मध्ये पुढचे भाग आले, त्यात हारुका-मिचिरू बहिणी झाल्या. संवाद बदलले, चित्रं बरीचशी तीच राहिली. म्हणजे प्रेम लपवायला गेले आणि पडद्यावर उरल्या एकमेकींशी लाडीगोडी करणाऱ्या बहिणी! यापेक्षा मूळ गोष्ट कितीतरी सरळ होती. त्याच वर्षी ‘कार्डकॅप्टर साकुरा’ या दुसऱ्या जपानी मालिकेच्या अमेरिकी आवृत्तीतून साकुराचा भाऊ तोया आणि त्याचा मित्र युकितो यांच्यातलं प्रेम पुसलं गेलं. ‘सेलर मून’चं 2014 पासून नव्यानं डबिंग झालं, त्यात ही नाती पुन्हा होती तशी आली.

आईला मी म्हटलं, कार्टून बघून कुणाला कोण आवडायचं ते ठरत नाही. समलिंगी माणसंही लहानपणी राजा-राणीच्याच गोष्टी ऐकत मोठी झाली. त्यानं ती बदलली नाहीत. आणि हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

पण नुसतं “काळजी करू नका, ती तशी होणार नाही” एवढं सांगणं मला पटत नाही. तसं म्हणणं म्हणजे ‘तशी’ असणं वाईट, हे मान्य करणं. शिवाय लेक उद्या कुणावर प्रेम करेल हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. समजा ती समलिंगी निघाली, तर घरात हा विषय काढला की टॅबलेट कपाटात जातो, एवढं ती आजच शिकली आहे.

“मग काय सांगू तिला?”

मी म्हटलं, सरळ सांगा: “त्या दोघी प्रेमात होत्या. डबिंग करणाऱ्यांना वाटलं, मुलांना हे कळू नये, म्हणून त्यांनी बदललं. तुझ्या बरोबर लक्षात आलं होतं.” अकरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. ती आणखी विचारेल तेव्हा आणखी सांगा. लगेच “तुला पण मुली आवडतात का?” असं मात्र विचारू नका. तिचा प्रश्न गोष्टीबद्दल आहे, तिची उलटतपासणी कशाला?

वयानुसार बंधनं घालावीत, हे मी मानते. मारामारी, अंगप्रदर्शन, रात्री उशिरापर्यंत बघणं यावर जरूर नियम करा. पण मग तोच नियम राजकुमार-राजकन्येच्या प्रेमालाही लावा. ते चुंबन चालतं आणि इथे हातात हात चालत नाही, हा फरक मुलं लगेच टिपतात.

टॅबलेट परत मिळाला, दिवाणखान्यातच वापरायच्या अटीवर. बाबांना हे अजून पटलेलं नाही. ते भेटायला आले नाहीत, आणि मीही आग्रह धरलेला नाही. आई मात्र लेकीबरोबर काही भाग बघायला बसली. पुढच्या भेटीत तिची तक्रार वेगळीच होती: “अहो, दर भागात तेच ते वेश बदलण्याचं दृश्य! पुढे ढकलू म्हटलं तर ही ढकलू देत नाही.”