तांबडा आणि निळा भुंगेरा: जोडी की दोन जाती?

प्रश्न : काकडीच्या वेलावर तांबडे भुंगेरे आहेत आणि त्यांच्यातच काही निळसर-काळे. आकार सारखाच. तांबडी मादी आणि निळा नर, असं समजावं का?

उत्तर : नाही. दोन्ही बहुधा ऑलाकोफोरा या एकाच प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले आहेत, पण जाती निराळ्या.

आधी प्रजाती पक्की करा. दहापट भिंगाखाली डोक्यामागची ढाल, म्हणजे पूर्ववक्षाची पाठ, बाजूने उजेड पाडून बघा. ऑलाकोफोरात तिच्यावर आडवी, खोल खाच असते. उजेड सरळ वरून पडला तर चकाकीत ती हरवते आणि ओळख तिथेच चुकते. मिशा दोऱ्यासारख्या, अकरा पेरांच्या, दोन डोळ्यांच्या मधोमध जवळजवळ उगवलेल्या. मागच्या मांड्या फुगीर असून किडा टुणकन उडत असेल, तर तो पिसू-भुंगेरा. त्याचा इथे विचार नको.

आता भुंगेरा उलटा करा. जातीची खरी खूण पोटाकडे आहे. वरून नारिंगी-तांबडा आणि खालून छातीचा मागचा भाग व पोट काळं, त्यावर बारीक पांढुरकी लव, तर तो ऑ. फोव्हिकॉलिस (ऑ. म्हणजे ऑलाकोफोरा). पोटही पिवळं असेल तर दुसऱ्या जातीचा विचार करावा, पण लगेच नाव लिहू नका. कोषातून नुकत्याच निघालेल्या भुंगेऱ्याचा रंग पुरता चढलेला नसतो, त्यामुळे काळं पोटही फिकट दिसतं. त्याचे कवचपंख, म्हणजे पाठीवरचे कडक पंख, सुईने हलकेच दाबल्यावर लवतात. असा नमुना काकडीच्या पानासह बरणीत दोन-तीन दिवस जिवंत ठेवून पुन्हा तपासावा.

निळसर-काळे कवचपंख आणि नारिंगी ढाल असलेल्यांची नोंद ऑ. लेविसी किंवा ऑ. इंटरमीडिया अशी होते. रंगावरून यांचा निकाल लावू नये. नराचं जननांग पाहावंच लागतं.

नर-मादी ओळखायला पोटाची शेवटची पट्टी पुरे. नरात तिच्या टोकाला तीन पाकळ्या असतात, मधली चौकोनी. मादीत तशा पाकळ्या नसतात. तुमच्या तांबड्यांतही नर सापडतील आणि निळ्यांतही माद्या.

प्रश्न : नराचं जननांग घरी काढता येईल का?

उत्तर : येईल, हात स्थिर हवा. वाळलेला नमुना गरम पाण्यात 10-15 मिनिटं भिजवा. न भिजवता ओढलात तर पोट तुटतं. पोट अलगद सोडवून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, हातमोजे घाला. मग पाण्यात धुऊन, टोकदार चिमट्याने वाकडी नळी, म्हणजेच जननांग, बाहेर काढा. बाजूने आणि वरून, दोन्हीकडून चित्र काढा, कारण टोकाचा बाक एकाच बाजूने कळत नाही. नळी ग्लिसरीनच्या कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा.

नमुने अल्कोहोलमध्ये साठवू नका, तांबडा रंग उतरतो. 6-8 मिलिमीटरचा भुंगेरा टाचणीने टोचण्यापेक्षा कार्डाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवा. डिंक पोटाला पसरू देऊ नका. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि वेल कोणता हे हवंच.